हौद आणि रान : डिस्टोपियन कथनातील प्रेम आणि माडगूळकरांचे ‘सत्तांतर’

१

मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी बिरबलाची एक गोष्ट आहे. प्राणिमात्राला सर्वांत प्रिय काय, असा प्रश्न बादशहा विचारतो. आईला मूल, असे दरबारी म्हणतात. ज्याला त्याला आपला जीव, असे बिरबल म्हणतो. सिद्धतेसाठी एका कोरड्या हौदात माकडीण आणि तिचे पिलू सोडले जाते व हौदात पाणी भरू लागतात. पाणी चढते तसतशी माकडीण पिलाला कमरेवर, खांद्यावर, डोक्यावर घेते. शेवटी पाणी नाकातोंडाशी येते तेव्हा ती पिलाला पायाखाली घालून त्याच्यावर उभी राहते. बिरबलाचे म्हणणे सिद्ध होते आणि गोष्ट संपते. पुढे ही गोष्ट केवळ गोष्ट राहत नाही. व्यवहारात कोणी कोणाला दगा दिला, की तिचा दाखला दिला जातो. मायेला मर्यादा असते आणि ती मर्यादा हीच मायेची खरी ओळख, असा एक निवाडा तिच्यामधून मराठी मनात रुजलेला आहे.

या गोष्टीत एक प्रश्न मात्र कधीच विचारला जात नाही. हौद कोणाचा होता? पाणी कोण भरत होते? माकडीण नैसर्गिक अवस्थेत काय करते याची ही परीक्षा नाही. निसटण्याची प्रत्येक वाट बंद केलेल्या जागेत, एकच निष्पत्ती शिल्लक राहील अशी रचना करून घेतलेली ही परीक्षा आहे. जे सिद्ध होते ते माकडिणीविषयी कमी आणि हौद बांधणाऱ्याविषयी अधिक आहे. पण निवाडा मात्र माकडिणीच्या नावावर जमा होतो.

विसाव्या शतकातील डिस्टोपियन कथनाचा इतिहास म्हणजे एका अर्थाने या हौदाच्या बांधकामाचा इतिहास आहे. संपूर्ण नियंत्रित समाजात माणसाचे माणूसपण कशाने टिकते, या प्रश्नाला या वाङ्मयप्रकाराने वारंवार ‘प्रेम’ हे उत्तर देऊन पाहिले आणि तितक्याच वारंवार ते उत्तर हौदात घालून तपासले. या तपासणीत कोणते प्रेम बुडते व कोणते तरते, हा भेद समीक्षेत पुरेसा केला गेलेला नाही. तो करण्यासाठी मराठीतील एक कलाकृती विशेष उपयोगी पडते. तिच्यात राज्य नाही, यंत्र नाही, भविष्यकाळ नाही. माणूसही केंद्रस्थानी नाही. ती म्हणजे व्यंकटेश माडगूळकर यांची १९८२ साली प्रसिद्ध झालेली व १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली लघुकादंबरी ‘सत्तांतर’. तिच्याशेजारी त्यांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक ठेवले, तर हौदाच्या विरुद्ध बाजूला असलेली एक जागा, म्हणजे रान, विचारात घेता येते.

२

पाश्चात्त्य डिस्टोपियन कादंबरीचा आरंभ सामान्यतः येवगेनी झाम्यातिनच्या ‘वुई’पासून मानला जातो. १९२०-२१ मध्ये रशियन भाषेत लिहिलेली ही कादंबरी १९२४ साली न्यू यॉर्कमध्ये इंग्रजी भाषांतराच्या रूपाने प्रथम प्रकाशात आली. लेखकाच्या मायदेशात ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. तिच्यातील एकसत्ताक राज्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. नायक डी-५०३ हा आय-३३० या स्त्रीच्या प्रेमात पडतो आणि त्या प्रेमातून त्याला ‘मी’ सापडतो. बहुतेक विवेचने या प्रेमाभोवती फिरतात. कादंबरीचा शेवट मात्र वेगळेच सांगतो. शस्त्रक्रिया करून नायकाची कल्पनाशक्ती काढून टाकली जाते आणि आय-३३० चा छळ तो निर्विकारपणे पाहत बसतो. प्रियकराचे प्रेम येथे हौदाच्या तळाशी जाते.

याच कादंबरीत ओ-९० नावाची दुसरी एक स्त्री आहे. ठरवून दिलेल्या मापात न बसल्यामुळे तिला मातृत्वाची परवानगी नाही. ती राज्याचा कायदा मोडून गर्भ धारण करते आणि शेवटी हिरव्या भिंतीपलीकडे, जेथे अंगावर केस असलेली माणसे रानात राहतात तेथे, निघून जाते. तिचे पुढे काय झाले हे कादंबरी सांगत नाही. परंतु राज्याच्या गणितात न बसलेले एक मूल भिंतीपलीकडे वाढते आहे, ही शक्यता कथानकाच्या शेवटी उघडीच राहते. केंद्रातील प्रेम पराभूत होते. परिघावरचे, विशेष लक्षात न आलेले प्रेम सुटून जाते.

हाच आकृतिबंध पुढील कादंबऱ्यांतही आढळतो. १९३२ सालच्या ऑल्डस हक्सलेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये मुले कारखान्यात तयार होतात आणि ‘आई’ हा शब्द अश्लील ठरलेला आहे. बाळंतपण, आजार, म्हातारपण या गोष्टी केवळ न्यू मेक्सिकोतील कुंपण घातलेल्या राखीव प्रदेशात शिल्लक आहेत. १९४९ सालच्या जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये विन्स्टन आणि ज्युलिया यांचे प्रेम हे पक्षाविरुद्धचे बंड म्हणूनच सुरू होते आणि १०१ क्रमांकाच्या खोलीत, उंदरांच्या पिंजऱ्यासमोर, ते संपते. आपल्या जागी ज्युलियाला ढकलण्याची विनवणी विन्स्टन करतो. बिरबलाच्या हौदाची इतकी तंतोतंत प्रतिकृती अन्यत्र क्वचितच सापडेल. फरक एवढाच, की बादशहाला केवळ प्रश्नाचे उत्तर हवे होते. पक्षाला विन्स्टनचे प्रेमही हवे आहे. पिलाला पायाखाली घेतलेल्या माकडिणीने पुढे हौदावरही प्रेम करावे, अशी ही मागणी आहे.

याही कादंबरीत दुसरे एक सूत्र आहे. विन्स्टनला आपली आई स्वप्नात दिसते. भुकेल्या, मरणाला टेकलेल्या लहान मुलीला तिने पोटाशी धरलेले असते. त्याने एका चित्रपटात पाहिलेली एक स्त्रीही बंदुकीच्या गोळ्यांपासून मुलाला वाचविण्यासाठी त्याच्याभोवती हात टाकते. त्या हातांनी गोळी अडणार नसते, त्या मिठीने भूक भागणार नसते. पक्षाने लोकांना पटविले होते, की ज्या कृतीने काही साध्य होत नाही तिला अर्थ नाही. सामान्य लोक मात्र अजून एकमेकांशी निष्ठा राखून होते आणि म्हणून ते माणूस राहिले होते, हे विन्स्टनला उमगते. तुरुंगात जाण्यापूर्वीच त्याच्या हाती आलेला हा विचार १०१ क्रमांकाच्या खोलीत खोडला जात नाही. तेथे खोडले जाते ते विन्स्टनचे स्वतःचे प्रेम.

हक्सलेच्याच १९४८ सालच्या ‘एप अँड एसेन्स’मध्ये हा प्रश्न अधिक उघड्या स्वरूपात येतो. अणुयुद्धानंतरच्या लॉस एंजेलिसमध्ये किरणोत्सर्गाने व्यंग आलेली अर्भके त्यांच्या आयांसमक्ष बळी दिली जातात आणि वर्षातले मोजके दिवस सोडले तर स्त्री-पुरुषांच्या समागमाला बंदी आहे. या जगातून पूल आणि लूला हे दोघे प्रेमिक निसटून जातात. प्रियकर-प्रेयसीचे प्रेम येथे तरते, असा आक्षेप वर मांडलेल्या सूत्राला घेता येईल. परंतु ते तरते ते कुंपण ओलांडून गेल्यामुळे. हौदात राहून नव्हे. शिवाय पूल आणि लूलाच्या सुटकेने बळी दिलेल्या एकाही अर्भकाच्या आईचे दुःख कमी होत नाही. कथानक सुखान्ताकडे झुकते, पण तिचा आक्रोश त्यात सामावत नाही.

या सर्व कादंबऱ्यांत एक भौगोलिक योजनाही समान आहे. निरुपयोगी, हिशेबाबाहेरचे, सांभाळणारे प्रेम नेहमी कुंपणापलीकडे ठेवलेले असते : हिरव्या भिंतीपलीकडे, राखीव प्रदेशात, सामान्यांच्या वस्तीत, स्वप्नात. डिस्टोपियाला ते आत ठेवता येत नाही आणि पूर्णपणे नष्टही करता येत नाही.

३

‘एप अँड एसेन्स’मध्ये माकडे आहेत आणि ती अचानक आलेली नाहीत. माणसाच्या क्रौर्याचे मूळ शोधण्यासाठी वानरकुळाकडे पाहण्याची रीत दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रूढ झाली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ साली ‘मंकी हिल’ नावाची एक कृत्रिम टेकडी उभारण्यात आली व तीवर शंभराच्या आसपास हमाद्र्यास जातीची बबून माकडे सोडण्यात आली. त्यांत जवळजवळ सर्वच नर होते. १९२७ मध्ये आणखी तीस माद्या आणून सोडल्या. पुढे जे घडले ते भयंकर होते. माद्यांच्या मालकीसाठी झालेल्या झुंजींत त्यांतील बहुतेक माद्या मेल्या. सॉली झुकरमन याने १९३२ साली, म्हणजे ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’च्याच वर्षी, प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या निरीक्षणांचा आधार घेतला आणि लैंगिक वर्चस्व हा वानरसमाजाचा पाया असल्याचे प्रतिपादन केले. एका पिढीच्या मनावर या चित्राचा ठसा उमटला. परंतु ती टेकडी म्हणजे पुन्हा एक हौदच होता. कळप सोडून जाण्याची वाट तेथे नव्हती आणि नर-मादीचे प्रमाण माणसाने बिघडविलेले होते.

रानात राहून वानरांचे निरीक्षण करण्याची पद्धत यानंतर तीन दशकांनी रुळली आणि तिच्यातील एक महत्त्वाचा अध्याय भारतात घडला. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा याने १९६० नंतरच्या वर्षांत कर्नाटकातील धारवाडच्या रानात वानरांचा, म्हणजे काळतोंड्या लांब शेपटीच्या लंगूरांचा, अभ्यास केला. बाहेरच्या नराने टोळीचा ताबा घेतल्यावर आधीची तान्ही पिले मारली जातात, ही घटना त्याने नोंदविली. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनी आणि माउंट अबूला सारा हर्डी या अमेरिकी संशोधिकेने अशाच नोंदी केल्या. हर्डीचा अबूच्या वानरांवरील ग्रंथ १९७७ मध्ये आला.

या नोंदींवरून उठलेला वाद साहित्याच्या अभ्यासकांनीही समजून घेण्यासारखा आहे. एका पक्षाचे म्हणणे असे, की पिलांची हत्या ही गर्दी, माणसाचा उपद्रव, आकसलेले रान यांमुळे उद्भवलेली सामाजिक विकृती होय. हर्डीचे म्हणणे असे, की ती विकृती नाही, डावपेच आहे. पिलू अंगावर पीत असेतो मादी पुन्हा गर्भ धारण करीत नाही. पिलू गेले की लवकरच माजावर येते. टोळीवरची सत्ता अल्पकाळ टिकणारी असल्याने (अबूला ती सरासरी दोन वर्षांहून थोडीच अधिक होती) नव्या हुप्प्याला थांबायला वेळ नसतो. १९९९ साली नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या आनुवंशिक तपासणीतून पिले मारणारे नर त्या पिलांचे जनक नसल्याचे दिसून आले आणि हर्डीचा पक्ष बळकट झाला.

डिस्टोपिया ही समाजाला जडलेली विकृती की सत्तेचा नित्यधर्म, हा वाङ्मयीन प्रश्न आणि हा जीवशास्त्रीय वाद एकमेकांचे प्रतिबिंब आहेत. विकृती मानली तर बरे होण्याची आशा राहते. नित्यधर्म मानला तर, वरवर पाहता, आशेला जागा उरत नाही. हर्डीच्या मांडणीत मात्र दुसरी एक बाजू आहे आणि ती बहुधा दुर्लक्षिली जाते. तिने माद्यांकडे सत्तेचे मूक साहित्य म्हणून पाहिले नाही. माद्या जन्मभर आपल्याच टोळीत, आपल्याच हद्दीत राहतात. आया, मावश्या, बहिणी, मुली यांची ती साखळी असते. नर येतात आणि जातात. जन्मलेले काळसर पिलू पहिल्याच दिवसांपासून आईखेरीज अन्य माद्यांच्या हातांत फिरते. हल्ला होतो तेव्हा म्हाताऱ्या माद्याही मारेकऱ्यावर धावून जातात. बहुधा हरतात, पण धावून जातात. २००९ सालच्या आपल्या ग्रंथात हर्डीने हा विचार पुढे नेला आणि मूल अनेकांनी मिळून वाढविण्याच्या रीतीतच माणसाच्या सहानुभवाचे मूळ असावे, असे सुचविले.

४

‘सत्तांतर’ हा शब्द १९८२ साली मराठी वाचकाला वानरांमुळे ठाऊक नव्हता. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. त्याच वर्षीच्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांविरुद्ध उघड भूमिका घेतली व पुढे त्यांना तुरुंगवास घडला. मार्च १९७७ मध्ये केंद्रात सत्तांतर झाले. १९७८ मध्ये महाराष्ट्रात पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले, १९८० च्या फेब्रुवारीत ते बरखास्त झाले, आणि त्याआधीच्या महिन्यात दिल्लीत इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्या होत्या. पाच वर्षांत इतक्या वेळा छापला गेलेला शब्द कादंबरीचे शीर्षक होतो, तेव्हा वाचक तिच्याकडे रूपक म्हणून पाहणार हे उघड होते. तसे झालेही. वानरांची टोळी म्हणजे राजकीय पक्ष, हुप्प्या म्हणजे नेता, पिलांचा संहार म्हणजे नव्या सत्तेने जुन्याच्या खुणा पुसणे, हे वाचन सोपे आणि मोहक आहे.

त्या मोहाला बळी पडण्यात एक धोका आहे. रूपक म्हणून वाचले, की कादंबरीचे तात्पर्य ‘सत्ता अशीच असते’ एवढेच उरते. हौदाच्या गोष्टीचा जो निवाडा, तोच येथे राजकीय पोशाखात परत येतो. निसर्गातच असे आहे, तर माणसाने तक्रार का करावी? हुकूमशाहीला याहून सोयीचे तत्त्वज्ञान कोणते? ऑर्वेलच्या १९४५ सालच्या ‘ॲनिमल फार्म’मध्ये प्राणी माणसांची भूमिका करतात हे प्रथमपासून स्पष्ट असते, तेथे निसर्गाची साक्ष काढलेली नाही, उपहास केलेला आहे. विजय तेंडुलकरांचे १९७० साली रंगभूमीवर आलेले ‘गिधाडे’ माणसांना पक्ष्यांचे नाव देते आणि रमा व रजनीनाथ यांच्या नात्यातून त्या घरातही काही कोवळे उरल्याचे दाखविते. दोन्ही ठिकाणी प्राणी हे माणसाविषयी बोलण्याचे साधन आहे. ‘सत्तांतर’ची जात वेगळी आहे.

माडगूळकरांनी वानरांना नावे दिली, पण त्यांना माणसाची भाषा दिली नाही. पंचतंत्रापासून चालत आलेली बोलक्या प्राण्यांची रीत त्यांनी टाळली. टोळीचा प्रमुख नर, त्याच्या हद्दीवर डोळा ठेवून असलेले बाहेरचे नर, माद्या, पिले, झाडे, पाणी, ऋतू यांचे निवेदन ते अंतर राखून, चित्रकाराच्या नजरेने करतात. माणदेशातील माणसे रेखाटताना त्यांनी जो संयम वापरला तोच येथेही आहे. निवेदक हळहळत नाही, निषेध करीत नाही, शिकवणही देत नाही. या अलिप्ततेमुळे काही वाचकांना कादंबरी निर्दय वाटण्याची शक्यता आहे. वास्तविक या अलिप्ततेनेच कादंबरीला रूपक होण्यापासून वाचविले आहे. वानराच्या तोंडी माणसाचे शब्द नसल्यामुळे त्याच्या कृतीला माणसाचे समर्थन मिळत नाही. मारणारा नर कोणतेही तत्त्वज्ञान सांगत नाही. मेलेल्या पिलाच्या आईने आपल्यावर प्रेम करावे, झाले ते योग्यच झाले असे मनोमन मानावे, अशी मागणी त्याच्यापाशी नाही. ती मागणी ओब्रायनपाशी आहे. पशूची हिंसा आणि जुलमी राज्याची हिंसा यांतील हा भेद ‘सत्तांतर’ कोठेही उच्चारीत नाही. पण कादंबरी वानरांची वानरेच राहू देते आणि त्यामुळे तो भेद वाचकाला दिसू शकतो.

शीर्षक नरांविषयीचे आहे. हा कादंबरीतील मोठा व्यंग्यार्थ म्हणावा लागेल. सत्ता ज्यांच्यात बदलते ते नर येतात, जखमी होतात, हाकलले जातात. टोळी मात्र माद्यांची आहे आणि ती राहते. हद्द कोणती, पाणी कोठे, कोणते झाड कधी फळते, याची स्मृती वाहणारा जीव हुप्प्या नव्हे. सत्तांतराच्या कथेखाली सातत्याची एक कथा आहे आणि तिचा आधार पोटाशी धरलेले पिलू हा आहे. पिले मारली गेल्यावरही माद्या पुन्हा विणार, पुन्हा एकमेकींची पिले हातांत घेणार. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे मातृत्वाचे स्तोत्र नव्हे. नव्या नराचा स्वीकार करणारी मादीही तीच असते. ज्याने पिलू मारले त्याच्याच पिलाची ती आई होते. स्त्रीवादी समीक्षेने त्यागमूर्ती मातेच्या ज्या प्रतिमेला हरकत घेतली, ती प्रतिमा या कादंबरीवर लादता येणार नाही. सांभाळणे हे येथे पावित्र्य नाही, काम आहे. हिशेब, चुका, तडजोडी यांसह रोज करावे लागणारे काम. पण ते कामच टोळीला टोळी ठेवते.

५

‘नागझिरा’ हे पुस्तक रानातील मुक्कामाचे आहे. नागझिरा हे साकोली आणि तिरोड्याच्या दरम्यानचे साग, ऐन, तेंदू, मोह, बांबूचे मिश्र पानगळी जंगल. नावातला ‘झिरा’ म्हणजे जमिनीतून झिरपणारे जिवंत पाणी. १९७० साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माडगूळकर तेथे राहिले तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते; १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा हा राज्यातील पाचवा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. याच परिसरात वनाधिकारी म्हणून वावरलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी रानातील शब्दसंपदा मराठीत आणली. एका शहरी नोकरदार लेखकाने आकाशवाणीतील दिनक्रमातून उठून अशा ठिकाणी जाऊन राहावे, पाणवठ्यावर बसून कोण येते, कोण जाते ते पाहावे, याचा ‘सत्तांतर’च्या आकलनाशी निकटचा संबंध आहे.

कारण पाहण्याची जागा बदलली की दिसणारे उत्तरही बदलते. बिरबलाने हौदावरून पाहिले, झुकरमनने कृत्रिम टेकडीच्या कठड्यावरून पाहिले, ओब्रायनने खोलीत पिंजरा आणून पाहिले. तिघांनाही जीव घाबरला की काय करतो एवढेच दिसले. पाणवठ्यावर बसणाऱ्याला घाबरणे दिसतेच. रानात भय नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण त्याला भयाच्या आधीचे आणि नंतरचेही दिसते. मांडीवर पिलू घेऊन त्याच्या अंगातील उवा वेचीत बसलेली दुपार दिसते. आईच्या हातून पिलू ओढून घेणारी, अजून स्वतः न व्यालेली तरणी मादी दिसते. आणि भारतातील निरीक्षकांनी वारंवार नोंदविलेली एक गोष्ट दिसते : मेलेले पिलू वानरी लगेच टाकीत नाही. कित्येक तास, कधी कित्येक दिवस, वाळत चाललेले ते कलेवर ती एका हाताने वागविते. त्यामुळे तिला चालणे जड जाते, झाडावर चढणे अवघड होते, खाणे मागे पडते. याला शोक म्हणावे की नाही, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही, आणि समीक्षेने ते ठरवूही नये. एवढे मात्र निश्चित, की या कृतीने काहीही साध्य होत नाही. विन्स्टनच्या स्वप्नातील आईच्या मिठीने जेवढे साध्य होत होते, तेवढेच.

हौदाच्या गोष्टीला खरे उत्तर येथे आहे. हौदातील माकडीण खोटी आहे असे नव्हे. नाकातोंडात पाणी गेल्यावर बहुतेक जीव काय करतील हे सांगण्यास शहाणपण लागत नाही. पण त्या एका क्षणाला प्रेमाची व्याख्या करण्याचा अधिकार का द्यावा? पायाखाली पिलू घेणारी माकडीण आणि मेलेले पिलू दिवसभर वागविणारी वानरी यांत पहिलीच तेवढी खरी, असे मानायला भाग पाडणारा युक्तिवाद बादशहाच्या दरबारातला आहे. विन्स्टनने ज्युलियाचा त्याग केला, यावरून प्रेम नव्हतेच असे पक्ष म्हणतो. वाचकाने तसे म्हणण्याचे कारण नाही. यातनेखाली मिळविलेला कबुलीजबाब न्यायालयात ग्राह्य धरू नये असे जे मानतात, त्यांनी १०१ क्रमांकाच्या खोलीतील निष्कर्ष मात्र मानवी स्वभावाचा सिद्धान्त म्हणून का स्वीकारावा?

डिस्टोपियन कथनात प्रेम माणूसपण वाचविते, हे विधान म्हणून दुरुस्त करून घ्यावे लागते. ते सत्तेला हरविते म्हणून वाचवीत नाही. बहुतेक वेळा ते हरते. ते प्रियकर-प्रेयसीच्या बंडात असतेच, पण बंड म्हणून उभे राहिले की सत्तेच्या हिशेबात सापडते आणि तेथे त्याची किंमत ठरविता येते. टिकते ते हिशेबात न धरलेले : ओ-९० चे न जन्मलेले मूल, विन्स्टनच्या आईचा हात. मार्गारेट ॲटवुडच्या १९८५ सालच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये हरवलेल्या मुलीची ऑफ्रेडला येणारी आठवणही याच जातीची. ‘सत्तांतर’ या परंपरेत माणसाला वगळून तोच प्रश्न विचारते आणि त्यामुळे एक गैरसोयीची गोष्ट पुढे येते. ज्याला माणूसपण म्हणून गौरविले जाते, ते माणसाच्या आधीचे आहे. माणसाने ते निर्माण केले नाही. त्याला ते मिळालेले आहे. हौद बांधण्याची विद्या मात्र माणसाची स्वतःची.

अभयारण्य हा शब्द प्राण्यांना माणसापासून अभय देतो. रानातल्या रानात, एका वानराला दुसऱ्यापासून, अभय देण्याची शक्ती त्या शब्दात नाही, आणि ‘सत्तांतर’ने ते लपविलेले नाही. तेथे पिलाला जे अभय मिळते ते आईच्या कुशीएवढेच आणि कुशी टिकेल तितकाच वेळ. ते अपुरे आहे; पुष्कळदा ते निष्फळ ठरते. तरीही टोळीतील प्रत्येक जिवंत वानर, मारणारा हुप्प्या धरून, त्या अपुऱ्या अभयातूनच मोठे झालेले असते. हे भान सत्तेच्या कथेत सहसा उमटत नाही. मराठीतील या लहानशा कादंबरीत ते उमटले आहे, आणि ते रूपकाच्या भाराखाली हरवू न देणे हे तिच्या वाचकाचे काम आहे.